मिसिंग मारणारी गाडी

'संहितेचे सूक्ष्म वाचन' हा शब्दप्रयोग महाविद्यालयात कानी पडण्यापूर्वीच आम्ही पनवेलमध्ये वाचन शिकत होतो. समोर पुस्तकाऐवजी जुनी फियाट असे. गोष्ट १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धातील. द्रुतगती मार्ग पूर्ण व्हायला २००२ साल उजाडायचे होते, आणि गोव्याचा रस्ता तर पनवेललाच फुटतो. त्यामुळे घाट उतरून दमलेल्या आणि घाट चढण्यास धास्तावलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या गॅरेजात येत. शाळा सुटली की आम्ही तिघे तिथे.

मारुती १९८३च्या अखेरीस आली होती, पण आमचा जीव कुर्ल्याच्या कारखान्यातल्या फियाटवर. (१९७४पासून ती 'प्रीमियर पद्मिनी' झाली, गॅरेजमध्ये मात्र शेवटपर्यंत फियाटच.) १०८९ सीसीचे इंजिन, चार सिलिंडर, स्टिअरिंगखाली गिअरचा दांडा. बॉनेट उघडले की सारे नजरेसमोर, लपवाछपवी नाही.

मिस्त्रींची भाषा आम्हांला प्रथम मोहात पाडून गेली. गाडी 'मिसिंग मारते', 'उचल घेत नाही', 'हवा घेते'. समीक्षेतील किती संज्ञा इतक्या अचूकपणे दोषावर बोट ठेवतात, याविषयी आम्हांला आजही शंका आहे. इंजिन चालू ठेवून ते एकेका प्लगची वायर काढायला लावत. ज्या वायरीने आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर मुळात कामच करत नव्हता! उरलेले तिघे त्याचे ओझे वाहत होते. अनुपस्थितीवरून अर्थ लावण्याची ही रीत आम्हांला पुढे कुठल्याही प्राध्यापकाने इतकी स्वच्छ समजावली नाही. मग प्लग काळा आहे की पांढुरका, ते पाहायचे. पॉइंट पॉलिश पेपरने घासून अर्ध्या मिलिमीटरहून कमी फट ठेवायची. "कान दे, पोरा, हात नंतर," एवढेच मिस्त्री म्हणत.

आमच्यापैकी कान एकालाच होता. लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून, मूठ कानाशी धरून तो आतला खडखडाट कुठल्या बाजूचा ते सांगे, आणि मिस्त्री मान हलवत. आम्ही दोघे साहित्याकडे वळलो, तो गॅरेजमध्येच राहिला. आमच्या वाचनाला पदव्या मिळाल्या. त्याच्या ऐकण्याला नाव मिळाले नाही. पुढे प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर मागे पडला, दोषाचा आकडा स्कॅनर सांगू लागला. त्याने तेही यंत्र घेतले, त्यावर त्याचा राग नाही. मात्र पडद्यावर आकडा उमटण्याआधी तो क्षणभर मान कलती करतो, हे आम्ही पाहिले आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली. वर्तमानपत्रांत हळहळीचे लेख आले. एक आम्हीही लिहिणार होतो. त्याला फोन केला, तर तो म्हणाला, "एक फियाट आली आहे रे, दोन नंबरचा सिलिंडर मारत नाही. रविवारी या, वायरी काढायला माणूस हवा."