मी बुजवलेली भोकं

विमानाच्या पोटाला ओळीनं बारीक भोकं असतात. आत शिरलेलं पावसाचं पाणी, थंडीत पत्र्याला आतून सुटणारा घाम, सगळं तिथून निथळून जातं. पाणी आत जाऊ नये म्हणून मी ती भोकं सीलंटनं बुजवून टाकली.

नोकरीसाठी इंग्लंडात आलो आणि शनिवार-रविवारी एका हॉकर हंटरची देखभाल करणाऱ्या हौशी मंडळींत सामील झालो. १९५१ साली पहिल्यांदा उडालेलं हे लढाऊ जेट आपल्याही हवाई दलात होतं. डिसेंबर १९७१ मध्ये जैसलमेरहून उडालेल्या हंटरनी लोंगेवालाच्या वाळूत पाकिस्तानी रणगाड्यांची वाताहत केली. त्या गोष्टी ऐकत मी वाढलो. त्यामुळे आमचं हंटर नव्यासारखं चकाकलं पाहिजे, याची मला फार घाई होती. कुणाला काही विचारायला मी थांबलो नाही.

हिवाळा सरल्यावर पोटाखालचं झाकण उघडलं, तर आत पाणी तुंबलेलं. आतल्या सांगाड्याच्या कडेला पांढरी भुकटी आली होती आणि ॲल्युमिनियमला चिरोट्यासारखे पापुद्रे सुटले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावलं, तर ते आत गेलं. असा गंज वरवर घासून जात नाही. तेवढा भाग कापून नवा तुकडा रिव्हेटनं बसवावा लागतो. हवाई दलात फिटर म्हणून हयात घालवलेले एक वयस्कर सहकारी माझ्या शेजारी जमिनीवर आडवे झाले आणि ड्रिल न वापरता, लाकडी काडीनं भोकं कशी मोकळी करायची ते दाखवू लागले. ड्रिलनं भोक मोठं होतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पंखावर मी तारेचा काथ्याही फिरवला होता. पोलादाचे कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि ओल मिळाली की तिथे खड्डे पडतात. तेही निस्तरता आलं.

एक गोष्ट मात्र निस्तरता येणार नाही. हंटरच्या चार ३० मिलिमीटर ॲडन तोफा एकाच पेटीत असतात. ती पेटी अख्खी खाली उतरवायची आणि भरलेली दुसरी चढवायची, म्हणजे विमान लवकर पुन्हा उडायला तयार. आमच्या विमानात ही पेटी बसते त्या कप्प्याच्या आतल्या पत्र्यावर कुणीतरी पेन्सिलीनं आकडे मांडले होते, खाली दोन अक्षरी सही होती. मी रंग काढायचं रसायन लावून सगळं पुसून काढलं. फोटोसुद्धा घेतला नाही. गंजलेला तुकडा बदलता येतो, पण त्या माणसाच्या हाताची खूण मी कुठून आणू?

जुना रंग तसाच ठेवल्यामुळे आता आमचं विमान लांबून मळकट दिसतं. बघायला येणारे तसं बोलूनही दाखवतात. मंडळीतल्या काहींना ते सगळं खरवडून नव्यानं रंगवायचं आहे, आणि त्यावरून आमचे वाद होतात. प्रत्येक अक्षराचा, प्रत्येक जुन्या थराचा फोटो आणि नोंद झाल्याशिवाय मी त्याला हो म्हणणार नाही.