मकाहांच्या दर्यात हॅलिबटच्या मागावर

पोर्ट अँजेलिस मागे पडलं की 112 नंबरचा रस्ता अरुंद होतो आणि थेट समुद्राच्या कडेला येऊन भिडतो. उजव्या हाताला हुआन दे फुकाची सामुद्रधुनी, तिच्या पलीकडे कॅनडाचं व्हँकुव्हर बेट, डाव्या हाताला सीडर आणि हेमलॉकचं गच्च रान. सिएटलहून निघालेल्या चार मराठी मित्रांच्या गाडीच्या टपावर कयाक बांधलेल्या आहेत. डिकीत गळ, दोर, ड्राय सूट आणि बर्फाची पेटी. चौघंही संगणकाच्या पडद्यासमोर बसून पोट भरणारे; त्यातला एक देवगडचा, होड्यांच्या सहवासात वाढलेला. त्यांना जायचंय नीआ बेला. अमेरिकेच्या सलग भूभागाचं हे वायव्य टोक. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस इथे कोसळतो, आणि मे महिन्याच्या आसपास ठरवून दिलेल्या दिवशी इथे हॅलिबट हा मोठा चपटा मासा धरायला परवानगी असते.

गाव मकाह या मूळनिवासी जमातीचं आहे, आणि हे पाहुण्यानं आधी समजून घ्यावं. मासेमारीचा सरकारी परवाना वेगळा, आणि मकाहांच्या भूमीवर फिरण्याचा पास वेगळा. तो गावातल्या दुकानात मिळतो आणि गाडीच्या काचेत लावायचा असतो. कोविडच्या साथीत मकाहांनी मार्च 2020 मध्ये बाहेरच्यांसाठी गाव बंद केलं आणि तब्बल दोन वर्षांनी, मार्च 2022 मध्ये उघडलं. पर्यटनाचं उत्पन्न बुडालं तरी ते बधले नाहीत. 1850 च्या दशकातली देवीची साथ ज्या समाजाच्या आठवणीत अजून ताजी आहे, त्यानं असं वागावं यात नवल नाही.

देवगडच्या मित्राचा हट्ट होता की पाण्यात उतरायच्या आधी संग्रहालय पाहायचं. तो हट्ट अगदी योग्य होता. 1979 मध्ये सुरू झालेलं मकाह संग्रहालय उभं आहे ओझेट या गावाच्या जिवावर. नीआ बेच्या दक्षिणेला, उघड्या महासागराकाठी मकाहांच्या पाच मोठ्या गावांपैकी हे एक. काही शतकांपूर्वी डोंगराची ओली माती खाली सरकली आणि तिथली सीडरच्या फळ्यांची घरं भांड्याकुंड्यांसकट गाडली गेली. हवा न लागल्यानं लाकूड कुजलं नाही. 1970 मध्ये वादळी लाटांनी कडा कापला आणि वस्तू वर आल्या. मकाहांनी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ रिचर्ड डॉहर्टी यांना बोलावलं आणि अकरा वर्षं खोदकाम चाललं. 55 हजारांहून जास्त वस्तू निघाल्या: टोपल्या, चटया, देवमाशाच्या शिकारीचे भाले, आणि हॅलिबटचे लाकडी गळ.

त्या गळांपाशी चौघं बराच वेळ रेंगाळले. मकाह भाषेत त्याला चिबूद म्हणतात. दिसायला इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा, हाताच्या पंजाएवढा, एका बाजूला आतल्या अंगाला बांधलेलं हाडाचं टोक. नीआ बेला 1860 च्या दशकात शिक्षक म्हणून राहिलेल्या जेम्स स्वान यानं तो कसा बनतो ते बारकाईनं लिहून ठेवलंय, आणि स्मिथसोनियन संस्थेनं ते छापलं. झाड कुजून गेलं तरी हेमलॉकच्या फांदीची गाठ चिवट राहते. ती गाठ चिरून तिच्या काड्या करायच्या, केल्प या समुद्री वनस्पतीच्या पोकळ देठात भरायच्या आणि गरम राखेत वाफवायच्या. मऊ झाल्या की वाकवायच्या. दोरही केल्पचाच, भिजवून, ताणून, धुरावून पक्का केलेला. आमिष ऑक्टोपसचं.

यातली अक्कल खरी फटीच्या मापात आहे. हॅलिबट आमिष चावत नाही, ओढून आत घेतो आणि नको वाटलं तर थुंकतो. थुंकताना हाडाचं टोक जबड्यात रुततं. लहान पिल्लाच्या तोंडात हा गळ मावत नाही, आणि फार मोठ्या माशाचा जबडा त्याच्या फटीत शिरत नाही. फार मोठे हॅलिबट म्हणजे हमखास माद्या, लाखोंनी अंडी घालणाऱ्या. म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणं आपोआप पाण्यातच राहायचं. 1980 च्या दशकात अलास्काच्या बोटींनी सरळ गळ सोडून गोल वळणाचे गळ घेतले आणि त्यांना हॅलिबट भराभर लागू लागला. ओझेटच्या मातीतून निघालेल्या गळांचं काम याच तत्त्वावर चालत होतं.

बाहेरचे लोक या किनाऱ्यावर आले ते मात्र डोळे झाकून. 22 मार्च 1778 ला कॅप्टन कुकनं इथलं टोक पाहिलं, बंदर मिळेल अशी त्याला आशा वाटली म्हणून नाव दिलं केप फ्लॅटरी, आणि ज्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी तो उभा होता ती अस्तित्वातच नाही असं लिहून पुढे गेला. 1792 मध्ये साल्वादोर फिदाल्गो या स्पॅनिश अधिकाऱ्यानं नीआ बेला नुन्येस गाओना नावाचं ठाणं उभारलं. आजच्या वॉशिंग्टन राज्यातली युरोपीयांची ही पहिली वसाहत. त्याचा एक अधिकारी मारला गेला. फिदाल्गोनं सूड म्हणून मकाहांच्या होड्यांवर गोळीबार केला. काही महिन्यांतच ठाणं गुंडाळावं लागलं. आज तिथे छोटं स्मारक आहे, आणि त्याच उद्यानात मकाह सैनिकांचीही आठवण जपली आहे.

मग आली देवी. 1853 च्या सुमारास तिनं गावंच्या गावं ओस पाडली. त्या दुःखातून लोक सावरले नसतानाच, 31 जानेवारी 1855 ला गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स करार घेऊन आला. मकाहांना शेतकरी करायचं त्याच्या मनात होतं. मकाह प्रमुखांनी त्याला सांगितलं की जमीन गेली तर एक वेळ चालेल, पण समुद्र हाच आमचा देश आहे. कराराच्या कलम 4 मध्ये त्यांनी मासे, देवमासे आणि सील मारण्याचा हक्क राखून घेतला. पुढे तो हक्क पायदळी तुडवला गेला. 12 फेब्रुवारी 1974 ला न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी निकाल दिला की वॉशिंग्टनमधल्या करारबद्ध जमातींचा पकडीच्या अर्ध्या माशांवर अधिकार आहे. तो खटला प्रामुख्यानं साल्मनचा होता. हॅलिबटमधला हिस्सा मकाहांना पुन्हा वेगळा लढून घ्यावा लागला.

पहाटे बंदरातून कयाक पाण्यात पडतात. समोर वाडा बेट, त्याला किनाऱ्याशी जोडणारा दगडी बांध, आणि बांधाच्या आत शांत पाणी. बेटाला वळसा घातला की महासागराची लांब, संथ लाट खालून उचलते. पाणी दहा अंशांच्या आसपास असतं; ड्राय सूट नसेल तर माणूस काही मिनिटांत हातपायांची ताकद गमावून बसतो. म्हणून प्रत्येकाच्या छातीवर रेडिओ आहे आणि कुणीही हाकेच्या अंतरापलीकडे जायचं नाही असं ठरलंय. सामुद्रधुनीतून टँकर आणि मालवाहू जहाजं ये-जा करतात आणि धुकं चढलं की एवढीशी कयाक त्यांना दिसत नाही.

वेळ भरती-ओहोटीच्या मधल्या स्तब्ध पाण्याची साधायची. उधाणाच्या दिवसांत प्रवाह एवढा जोराचा असतो की शिसं तळाला टेकतच नाही; भांगाचे दिवस बरे. तीस ते साठ मीटर खोल वाळूवर आमिष टेकवायचं, हातभर उचलायचं, पुन्हा टेकवायचं. 1997 मध्ये होबी कंपनीनं पायांनी चालवायची कयाक आणली तेव्हापासून हात मोकळे राहतात. मकाहांच्या सीडरच्या होड्या याहून खूप मोठ्या, आणि कयाक मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट, उनांगान लोकांची. पण बुडाखाली थेट समुद्र घेऊन हॅलिबट धरणं हे काम या पाण्यात फार जुनं आहे.

देवगडकराचा दोर जड होतो. धक्का नाही, तळाचा दगड उचलावा तसा नुसता भार. मासा वर येताना मुकाट येतो, आणि कयाकचा रंग दिसला की एकदम खाली झेप घेतो. “सोड, सोड! ओढू नकोस, जाऊ दे त्याला!” शेजारचा मित्र ओरडतो. तीन वेळा हेच होतं. मग पाण्यात रुंद तपकिरी पाठ उजळते, दोन्ही डोळे उजव्या अंगाला. जन्मतः एकेक बाजूला असलेले हे डोळे पिल्लू काही महिन्यांचं होईतो एका बाजूला सरकतात. कोकणात लेपा खाल्लेल्याला ही ठेवण ओळखीची, फक्त आकार भलता. 1996 मध्ये अलास्कात गळाला लागलेला विक्रमी हॅलिबट 459 पौंडांचा, म्हणजे 208 किलोंचा होता. हा दहा-बारा किलोंचा असेल, पण मांडीवर घेतला तर शेपटीच्या एका फटक्यानं हाड मोडू शकतो. म्हणून मित्र कयाक आडवी लावतो, दोरी बांधलेला छोटा भाला कल्ल्यामागे मारतो, शेपटीला फास टाकतो आणि पाण्यातच रक्त वाहू देतो. एकट्यानं हे करू नये, जोडीदार हवाच.

एका माणसाला दिवसाला एक हॅलिबट, तोही लगेच कार्डावर नोंदवायचा. हा नियम एका जुन्या भीतीतून आलाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाफेच्या बोटींनी हा मासा इतका उपसला की 2 मार्च 1923 ला अमेरिका आणि कॅनडानं हॅलिबटपुरता करार केला. ब्रिटनच्या सहीशिवाय कॅनडानं केलेला तो पहिलाच करार. त्यातून निघालेला आयोग आजही सिएटलमधून दरवर्षी किती मासा काढायचा ते सुचवतो. वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियाच्या एकत्रित वाट्यातला 35 टक्के हिस्सा करारबद्ध जमातींचा. चौघांची बर्फाची पेटी त्या हिशेबातला एक कण आहे.

संध्याकाळी मुक्कामी गालांचे तुकडे तव्यावर पडतात. हॅलिबटचा सगळ्यात गोड भाग तो. उरलेल्या मांसाच्या पांढऱ्याशुभ्र जाड वड्या होतात आणि देवगडकर त्यांना आगळ आणि मिरची लावतो.

दुसऱ्या दिवशी केप फ्लॅटरीच्या टोकावर फळ्यांच्या वाटेनं चालत जाता येतं. समोर टाटूश बेट आणि त्यावरचा 1857 चा दीपस्तंभ दिसतो. त्या बेटावर मकाहांचा उन्हाळी मुक्काम असे. तिथूनच होड्या हॅलिबटच्या उथळ्यांकडे आणि देवमाशांकडे जात. सत्तर वर्षांच्या खंडानंतर 17 मे 1999 ला याच लोकांनी पुन्हा एक राखाडी देवमासा आणला, तोही होडीतून.

सिएटल-बेलव्ह्यूकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी उन्हाळ्यातला एक शनिवार-रविवार इकडे काढावाच. गळ टाकायचा नसला तरी या. पास घ्या, आधी संग्रहालय पाहा, चिबूद नीट निरखा, आणि मगच पाण्याकडे वळा. गळ टाकणार असाल तर सोबत एक तरी मित्र आणा, आणि एकच मासा घेऊन परता.