आईचा पाला

गुरुजींनी ससे पाळले, ही बातमी शाळेत दुसऱ्या दिवशीच पोचली आणि मुलांनी माझे नाव बदलून टाकले. ते नाव इथे सांगत नाही. दिवाळी अंक घरातली मुलेही वाचतात.

ससे आणले ते संसाराला हातभार म्हणून. आमच्या सेलूत कादंबऱ्या लिहून कुणाचा किराणा भरलेला मी तरी पाहिला नाही. दहा माद्या, दोन नर आणि गोळ्यांच्या खुराकाची चार पोती. जन्मभर शेळ्या राखलेल्या माझ्या आईने एक गोळी बोटांत चुरगळली, हुंगली आणि विचारले, "ह्याच्यात पाला कुठं हाय?"

मी हसलो. पुस्तक वाचून बसलो होतो ना!

त्या श्रावणात दुधनेकाठचा भिजलेला लसूणघास मी कौतुकाने पिंजऱ्यांत टाकला. सकाळी पाहतो तो महिन्याभराची सात पिल्ले पोटे फुगून आडवी पडलेली. सशाला ओकारी काढता येत नाही. आत गेले ते आतच. हे पुस्तकात होते, पण पुढच्या पानावर.

तेव्हापासून सशांचा स्वयंपाक आईकडे गेला. बांधावरचा दगडी पाला, आघाडा, सावलीत वाळवलेला शेवगा, वाळल्या गवतात चिमूटभर ओवा, तुळशीच्या गळालेल्या मंजिऱ्या. व्यालेल्या मादीला शेपूच्या दोन काड्या जास्त, "बाळंतीण हाय ती." यात वनस्पतींचा गुण किती आणि पाला वाळवून थोडाथोडा घालण्याचा किती, याचा निवाडा मी करणार नाही. चोथ्यावाचून सशाचे आतडे चालत नाही, हे मात्र खरे. पिल्ले जगू लागली, अंगाने भरली.

भरली म्हणूनच व्यापारी येऊ लागला. तो ससे वजनावर नेतो.

आई माळकरी. पहिल्या खेपेला तिने विचारले, "कुठं नेतो रे ह्यांना?"

"हैदराबादला. हौशी लोक पाळतात."

वर्गात खोटे बोलणाऱ्या पोराला मी बाकावर उभे करतो.

गेल्या महिन्यात टेम्पो दारात लागला, तेव्हा आई जुन्या लुगड्याच्या फडक्यात वाळला पाला बांधून उभी होती. "हे संगं न्या," ती व्यापाऱ्याला म्हणाली, "तिकडच्या माणसांना कळायचं नाही. ओला घालतील."

त्याने माझ्याकडे पाहिले. मी अंगणातल्या तुळशीकडे. मग त्याने ते गाठोडे दोन्ही हातांनी घेतले आणि पुढे, आपल्या शेजारच्या सीटवर ठेवले.