आजीव वर्गणीदार

आम्ही तिघे प्राध्यापक २००४ पासून एक छोटे त्रैमासिक चालवीत आहोत. त्याला व्यवसाय म्हणणे धाडसाचेच. पण वर्गणीदार, पावत्या, छापखान्याची देणी हे सारे असल्यामुळे हिशेबाच्या दृष्टीने तो व्यवसाय ठरतो. २०१९च्या पावसाळ्यात या व्यवसायाची सगळी विदा एकाच हार्ड डिस्कवर होती, आणि ती डिस्क बंद पडली.

साडेचार हजारांच्या त्या डिस्कवरची विदा परत मिळवण्याचे अठरा हजार रुपये पडले. परत आले त्यातले २०११ पूर्वीचे अंक युनिकोडपूर्व टंकात होते. त्या आज्ञावलीची संगणकाला मागे लावायची किल्ली कधीच हरवली होती. त्यामुळे पडद्यावर आमच्या संपादकीयांऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसला.

म्हाइंभटांची 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी धामधुमीत नाहीशी झाली, हिराइसेला ती मुखोद्गत होती म्हणून पुन्हा सिद्ध करता आली, अशी महानुभाव परंपरा आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. पुढे पंथाने ग्रंथ सांकेतिक लिप्यांत जपले. पोथ्या सुरक्षित राहिल्या; परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे, भावे यांनी उकल करीपर्यंत बाहेरच्या अभ्यासकाला त्या असून नसल्यासारख्याच होत्या. यावर आम्ही दहा गुणांचा प्रश्नही काढतो. आपल्या अंकांची दुसरी प्रत मात्र आमच्यापैकी एकानेही कधी काढली नाही.

अंक निदान छापील स्वरूपात तरी होते. आजीव वर्गणीदारांची यादी कोठेच छापलेली नव्हती, आणि नेमकी तीच परत आली नाही. कंपनी कायदा हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावयास सांगतो. आम्ही तर एक हजार रुपये घेऊन लोकांना 'आजीव' असा शब्द लिहून दिला होता!

त्यानंतर काही काळ आम्ही सारे महाविद्यालयाच्या गूगल खात्यात ठेवले. ते फुकट आणि अमर्याद होते. जुलै २०२२ पासून गूगलने शैक्षणिक संस्थांना सर्व मिळून १०० टेराबाइटांची मर्यादा घातली, तेव्हा महाविद्यालयाने आम्हांस आमचे चंबूगबाळे उचलण्यास सांगितले. त्यात गैर काहीच नव्हते. त्रैमासिक आमचे, महाविद्यालयाचे नव्हे. आता दोन डिस्क आहेत, दोन वेगवेगळ्या घरांत, आणि शिवाय भाड्याची जागा. हा खर्च वर्गणीतून कसाबसा निघतो. जो कोठल्याच वहीत लिहिला जात नाही, तो खर्च वेगळा आहे: महिन्याच्या पहिल्या शनिवारी कोणीतरी बसून प्रती काढणे, त्या उघडतात की नाही हे पाहणे, जुने अंक पुन्हा टंकून मुद्रिते तपासणे. हे काम आमच्यातल्या एकाच सहकारी बाईंकडे आले आहे. त्या पुढल्या वर्षी निवृत्त होत आहेत, आणि उरलेले आम्ही दोघे तो विषय टाळतो.

पावतीपुस्तकांच्या स्थळप्रतींवरून ३८० पैकी २१४ पत्ते आजवर जुळले. बाकीच्यांच्या प्रती आम्ही छपाईत अजून धरतो. त्यांचे गठ्ठे विभागातल्या कपाटावर, पंख्याच्या वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून सुतळीने बांधून ठेवले आहेत.