यंत्रांतला ‘धा’

आमच्या पुतण्यानें गाण्याची पहिलीच ध्वनिमालिका, हल्लींचीं मुलें जिला अल्बम म्हणतात ती, सिद्ध केली आणि तिच्यापायीं आमच्या जळगांवच्या घरांत आठवडाभर धुसफूस चालली. आमचे कैलासवासी बंधू धुळ्यास नोकरीवर असतां रोज पहांटे तबल्याचा रियाज करीत. त्याची एक जुनी कॅसेट घरांत होती. चिरंजीवांनीं तींतून एक ‘धा’ कापून काढला, संगणकांत घातला आणि तोच पुनःपुन्हां वाजवून ठेका केला! ‘धा’ म्हणजे दोन्ही हातांचा एकत्र आघात. तो मेळ साधावयास बंधूंना वर्षें लागलीं होतीं. त्याचे असे तुकडे करणें आम्हांस मुळींच रुचलें नाहीं.

पुतण्या वाद घालीत बसला नाहीं. “काका, आधीं हें ऐका,” म्हणून त्यानें न्यूयॉर्कमध्यें वाढलेल्या कर्ष काळे ह्या तबलावादकाची २००१ सालची ‘रिअलाइझ’ ही पहिली ध्वनिमालिका लावली. तशी ध्वनि कापून जोडण्याची युक्ति आजची नव्हे. पॅरिसमध्यें १९४८ सालीं पिएर शेफर ह्या गृहस्थांनीं आगगाडीचे आवाज तबकड्यांवर घेऊन त्यांचीच रचना केली होती. आम्हीं मात्र काळ्यांचा तबला ऐकला, आणि आपल्याला काय खुपत होतें तें उमगलें. माणसाच्या हातून एकसारखा ‘धा’ दोनदां निघत नाहीं. यंत्राचा हजारावा पहिल्यासारखाच. काळ्यांच्या रचनेंत यंत्र चालतें, पण त्याच्या अंगावर जिवंत हात खेळतो. पुतण्यापाशीं नुसतें यंत्र होतें.

हें आम्हीं बोललों. त्यानें निमूट ऐकलें, आणि रात्रीं कॅसेटींतला दोन मिनिटांचा सलग रियाज त्या ठेक्यावर बसविला. बाप स्वतःच्याच ‘धा’ला साथ करूं लागला!

शेवटीं मागून आगगाडीची बारीक शिटी येई. ती पुसून टाकण्याची सोय संगणकांत होती, व पुतण्या त्याच खटपटींत होता. वहिनींना तोंवर कोणीं विचारलेंच नव्हतें. त्या दारांत उभ्या होत्या.

“ती चाळीसगांवची गाडी,” त्या म्हणाल्या. “ती सुटली कीं हे तबला झांकून स्नानाला उठायचे. राहूं दे रे ती.”

पुतण्यानें हात मागें घेतला.