डेट्रॉइटचं कौतुक

फेब्रुवारी 2011 मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या सुपर बोल सामन्यात दोन मिनिटांची एक जाहिरात लागली. धुराडी, मुष्टियोद्धा जो लुईसच्या भल्यामोठ्या मुठीचं शिल्प, गाडी चालवणारा रॅपर एमिनेम. डेट्रॉइटमधल्या कित्येकांचा ऊर भरून आला. आपल्या गावाबद्दल इतकं चांगलं कुणी बोलून किती वर्षं झाली होती! गंमत अशी, की ती गाडी बनवणाऱ्या क्रायस्लरचं मुख्यालय शहराबाहेर, ऑबर्न हिल्समध्ये होतं. हे ठाऊक असणारेही त्या रात्री गप्प बसले असतील.

जुलै 2013 मध्ये शहराने दिवाळखोरी जाहीर केली. पुढच्या वर्षी बिल थकलेल्या हजारो घरांचं पाणी तोडलं गेलं.

मिशिगन सेंट्रल हे शहरातलं अठरा मजली रेल्वे स्टेशन 1988 मध्ये बंद पडलं. फुटक्या खिडक्यांचा तो सांगाडा टिपायला जगभरचे छायाचित्रकार यायचे, आणि शेजारपाजारचे वैतागायचे, कारण फोटोत त्यांची चालती दुकानं, राहती घरं कुठेच नसायची. 2018 मध्ये फोर्डने ते विकत घेतलं, जून 2024 मध्ये झगमगाटात उघडलं. आता लेखांत ‘पुनर्जन्म’ आला, पण शेजारी पुन्हा चौकटीबाहेरच. उजळलेल्या खिडक्या पाहून आनंद खरोखर होतो. मग वाढतं घरभाडं आठवतं. दोन्ही एकाच मनात, बिनतक्रार नांदतात असं नव्हे.

1950 मध्ये साडेअठरा लाख असलेली शहराची लोकसंख्या 2020 मध्ये सहा लाख चाळीस हजारांच्या आसपास होती. जे उरले, त्यांना विचारायला कॅमेरे क्वचितच थांबतात. थांबले, तरी प्रश्न ठरलेला: आता बरं वाटतं ना?