सक्तीचा उजवा हात

माणूस ज्या हाताने आपसूक लिहितो, जेवतो किंवा दगड भिरकावतो त्या बाजूस प्रधान अंग आणि उरलेल्या बाजूस अप्रधान अंग म्हटले जाते. तोल आणि समन्वय, म्हणजे अनेक स्नायूंनी योग्य वेळी व योग्य क्रमाने एकमेकांना साथ देणे, सुधारायचे असेल तर अप्रधान अंगाला मुद्दाम कामाला जुंपावे, असा सल्ला फिजिओथेरपिस्ट आणि व्यायामशिक्षक देत असतात. परंतु ज्याचे प्रधान अंगच शाळेत मारून बदलण्यात आले, त्याने नेमक्या कोणत्या अंगाला जुंपावे याचा उलगडा या सल्ल्यातून होत नाही, आणि प्रस्तुत लेखकाची अडचण नेमकी तीच आहे.

खडवलीजवळ भातसेच्या काठी गेलेले बालपण, भातशेती, पुढे कसारा लोकलने कल्याणची नोकरी, हा क्रम या पट्ट्यातील असंख्य घरांत सारखाच असल्याने त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही. शाळेतील प्रकार मात्र सविस्तर नोंदवावा लागतो. डाव्या हातात पेन्सिल दिसली की बोटांच्या पेरांवर लाकडी फूटपट्टी बसे, तीही सपाट नव्हे तर कडेने. तेवढ्याने भागले नाही तेव्हा डावा हात मांडीखाली दाबून बसण्याची शिक्षा सुरू झाली आणि हाताला मुंग्या आल्या तरी शुद्धलेखन संपेपर्यंत तो बाहेर काढण्याची मुभा नसे. घरी गाऱ्हाणे नेल्यास आजी उलट विचारी की, डाव्या हाताने कुणी प्रसाद घेतो का? दहा माणसांत साधारण एक डावखुरा असतो, म्हणजे त्या वर्गातही अशी आणखी तीन-चार मुले असणार, आणि ती सर्व वर्ष संपता संपता निमूटपणे उजव्या हाताने लिहू लागली होती. त्या काळच्या शिक्षकांचा हेतू चांगला होता असे म्हणण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखकास ते पटत नाही. पट्टी सपाट मारायची की कडेने, हे मारणाराच ठरवतो.

पुढे एका पावसाळ्यात शेताच्या बांधावरून पाय घसरला, उजवे मनगट मोडले आणि प्लास्टर चढल्यावर सारा कारभार डाव्या हाताकडे आला. भाकरी मोडणे, बादली उचलणे, कुलूप उघडणे ही कामे त्याने अशी केली की मधली वर्षे गेलीच नसावीत. लिहिताना मात्र तो पहिलीतल्या मुलासारखा अडखळला. विळ्याने तर वेगळाच धडा दिला. दातेरी विळ्याची धार एका अंगाने काढलेली असते आणि ती उजव्या हाताच्या ओढीला सोयीची असते, त्यामुळे डाव्या हाताने कापताना पाते भाताच्या चुडावर न रुतता सरकत राहते; हा दोष हाताचा नसून हत्याराचा असतो.

मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलातून निघणारे हालचालीचे बहुतेक चेतातंतू लंबमज्जेत, म्हणजे मेंदू पाठीच्या कण्याला मिळतो तेथे, विरुद्ध बाजूस ओलांडतात, म्हणून डावा हात उजव्या अर्धगोलाच्या ताब्यात असतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, लहानपणी सक्तीने उजव्या हाताने लिहायला लावलेल्या डावखुऱ्या प्रौढांचा उजवा अर्धगोल लिहिताना अजूनही कार्यरत राहत असल्याचे आढळले. सक्तीने हात बदलला तरी मेंदू पुरता बदलला नव्हता. दुसरीकडे, 1894 मध्ये येल विद्यापीठात स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकारी स्मिथ व ब्राउन यांनी दाखवून दिले की एकाच हाताला सराव दिला तरी दुसऱ्या, सराव न दिलेल्या हाताची स्थिरता आणि पकडही सुधारते. हे खरे मानले तर शाळेने उजव्या हातावर घेतलेल्या कष्टांचा काही वाटा डाव्यालाही मिळाला असला पाहिजे, हा निष्कर्ष प्रस्तुत लेखकास मुळीच रुचत नाही, पण तो टाळताही येत नाही.

पायांकडे मात्र त्या शाळेने कधी लक्ष दिले नाही. चेंडू डाव्या पायानेच मारला गेला, आणि चेंडू मारताना शरीर दुसऱ्या पायावर तोललेले असते, म्हणजे तोलाचे काम वर्षानुवर्षे तथाकथित अप्रधान उजव्या पायाकडेच राहिले. त्यामुळे एका पायावर उभे राहण्याचा सराव करणाऱ्याने लाथ कोणता पाय मारतो हे न पाहता, डोळे मिटल्यावर कोणता पाय आधी डगमगतो हे पाहावे, आणि वय झालेले असल्यास भिंत हाताशी ठेवूनच पाहावे. डोळे मिटल्यावर तोल राखण्याचे काम अंतःकर्ण आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव यांवरच येऊन पडते, म्हणून ही परीक्षा वाटते त्याहून कठीण असते.

प्लास्टर निघाल्यावर डाव्या हाताने लिहिण्याचा सराव काही दिवस चालला आणि नंतर थांबला. उजव्या हाताचे अक्षर सुबक आहे, बँकेतील सही त्याच हाताची आहे, आणि पट्टीचा राग कायम असला तरी ते अक्षर टाकून देण्याची इच्छा झाली नाही. घरातील भाची डावखुरी आहे आणि तिला आता कुणी मारत नाही. फक्त ती ज्या क्लासला जाते तेथील खुर्च्यांना लिहिण्याची फळी उजवीकडेच बसवलेली आहे, म्हणून ती वही मांडीवर घेऊन लिहिते.